बिनमाफीची म्हण

"बर्फ फोडणे?" मी पुस्तकातून विचारलं.

"फ्रीजमधला? तो रोजच फोडते की."

"वहिनी, परीक्षेत असंच लिहिणार का?"

"अनोळखी माणसांत बोलायला सुरुवात करणे," अराबा म्हणाली आणि मिरच्या वाटत राहिली. "पुढचा विचार, अज्वा. पटपट."

अराबा माझ्या थोरल्या भावाची, एबोची बायको. इस्पितळात फरशी पुसायची, आणि तिथल्याच नर्सिंगच्या शाळेत जायचं वेड तिनं घेतलं होतं. बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजीनं मात्र दोनदा दगा दिला होता, तोही वाक्प्रचारांच्या प्रश्नांत, असं तिचं म्हणणं. यंदाची शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. पण जावांनी नावं ठेवू नयेत म्हणून तिसऱ्यांदा बसतेय हे तिनं एबोला आणि मला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली आणि माझी आई गेली. आमच्याकडे माणूस गेलं म्हणजे लगेच पुरत नाहीत. शवागारात ठेवतात, घराला रंग देतात, काळं-लाल कापड शिवायला टाकतात आणि सवडीनं कुळाचे वडीलधारे दिवस ठरवतात. आमच्या कुळाचे म्होरके नाना बाइडू. त्यांनी अंगणातल्या बैठकीत जाहीर केलं, "शुक्रवारी सकाळी घरी आणायचं."

नेमका त्याच सकाळी अराबाचा पेपर. आणि थोरल्या सुनेनं प्रेताजवळून हलायचं नसतं.

मी उठणार, तेवढ्यात अराबानं मला खाली बसवलं. "मी बोलते," ती कुजबुजली. "थोरल्यांपुढे उघडंबोडकं बोलू नये. वजनदार काहीतरी लागतं." ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाना, सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत."

म्हण पुस्तकातलीच, सगळं एकाच सकाळी नको एवढंच तिला सुचवायचं होतं. आमच्यात म्हणी असतात थोरल्यांच्या. धाकट्यानं त्यांच्यापुढे म्हण काढायची तर आधी हात जोडायचे, 'माफी असावी, म्हण तुमचीच' असं म्हणायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. अराबालाही होतंच. पण महिनोन्‌महिने प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर करताना तिच्या जिभेवरून ते दोन शब्द झिजून गेले होते.

"माफी कुठं गेली, सूनबाई?" नानांनी विचारलं. "आणि आम्हाला टोपल्या शिकवणारी तू कोण?"

"इस्पितळात झाडू मारता मारता डॉक्टरीण झाली वाटतं!" आत्या फिस्कारली. बायका खिदळल्या.

"अहो नाना, तिला..." मी म्हणाले, पण अराबानं माझं मनगट घट्ट दाबलं. त्या पकडीचा मला आजही राग येतो.

शुक्रवारी ती काळ्या कपड्यांत माझ्या आईच्या उशाशी बसून माश्या वारत होती. तिचे ओठ हलत होते. बायकांना वाटलं, सासूसाठी प्रार्थना करतेय.

रविवारी चर्चहून आल्यावर जेवणं झाली. एबोला माडी जरा जास्त झाली होती, त्यानं नानांपुढे सगळं ओकलं. नानांनी अराबाला हाक मारली. ती हात धुवायचं पाणी घेऊन आली.

"शुक्रवारी परीक्षा होती तुझी?"

"होय, नाना."

"मग सरळ सांगायचं की, पोरी! तुझी सासू शवागारातच होती. आठवडाभर थांबली असती. ती काय उठून चालली होती?"

"चुकलं, नाना."

नाना हळहळले, अगदी मनापासून. म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी दे. तारीख मला आधी कळव. त्या दिवशी या घरात कुणाला मरूच देत नाही, बघ."

सगळे हसले. अराबाही हसली. मी मनात म्हणत होते, आता तरी सांग गं बाई, पुढचं वर्ष नाही म्हणून.

"होय, नाना," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. नानांची बोटं स्वच्छ झाली, त्यांनी हात झटकले, तरी ती ओततच होती.

"पुरे गं, पुरे," नाना म्हणाले.