खांब नंबर चौदा

माझं डोकं मुळातच गरम, त्यात त्या दिवशी ऑफिसचा एसी बंद. कुरियरवाल्याने पिवळी पेटी टेबलावर आपटली तेव्हा मी त्याला हिंदीतून चार शब्द सुनावले. मग पेटी उघडली. आत जमीन मोजायचं यंत्र होतं, लाल चिखलाने माखलेलं, आणि भिंगाला आरपार भोक. झाकणावर नावाचा स्टिकर: सुदेश.

शारजातल्या एका सर्व्हे कंपनीत मी कागदपत्रं सांभाळते. सुदेश आमचाच सर्व्हेअर, चार महिन्यांपूर्वी दक्षिण अमेरिकेत गयानाच्या साइटवर गेलेला. "रिझाइन किया, खलास, घर गया," मॅनेजर मुझम्मिल म्हणाला. घरी गेला तर त्याची बायको मला रोज 'ते कुठे आहेत' असा मेसेज का करते? आणि त्याच्या जागी कोण जाणार होतं? माझा नवरा, नागेश. व्हिसा आला की लगेच.

यंत्राखाली सुदेशची वही होती. मोजणीसाठी रोवलेल्या तेरा खांबांचे आकडे सुवाच्य अक्षरात. चौदाव्यासमोर मराठीत लिहिलेलं: "काल रोवला, आज उपटलेला. परत रोवतोय. झाडीत कुणीतरी उभं असतं." पुढची पानं कोरी होती.

आमची ड्राफ्ट्समन कॅमिला व्हेनेझुएलाची. तिला वही दाखवली, तर तिने फक्त पहिल्या पानावर चिकटवलेला नकाशा पाहिला.

"एसेकिबो. हे आमचं आहे," ती गयानाच्या पश्चिम भागावर बोट ठेवून म्हणाली. शाळेत देशाचा नकाशा काढताना एवढ्या भागावर तिरक्या रेघा मारायच्या, विसरलं की मार्क कापायचे. "इंग्रजांनी डचांकडून किनारा घेतला. मग एक जर्मन मोजणीदार जंगलात धाडला. त्याने खांब रोवले, झाडांवर राणीची अक्षरं कोरली. आम्ही ओरडलो, तेव्हा खांब काढले, पण रेघ राहिली. पुढे १८९९ला पॅरिसमध्ये पाच जज बसले, त्यात आमचा एकही नाही. जवळजवळ सगळं इंग्रजांना दिलं. त्यांच्यानंतर ते गयानाकडे आलं. तिथले लोक म्हणतात, निकाल लागला. आम्ही म्हणतो, लागला नाही."

मग ती गोड हसली. "संजना, मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. पण तिथे खांब रोवणारा माणूस मला आवडणार नाही." ती ऑफिसात केक वाटणारी बाई.

कुठंही जा, पळसाला पानं तीनच. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात. 'महाराष्ट्र राज्य' अशी पाटी वेशीवर रोवली म्हणून माझ्या सासऱ्यांना इतकं मारलं की पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून त्या घरात कुणी हाताने कर्नाटक लिहीत नाही. नागेशने शाळेचे फॉर्मसुद्धा महाराष्ट्र लिहूनच भरले आणि शाळेने ते दरवेळी परत पाठवले.

घरी आल्या आल्या मी वही नागेशपुढे टाकली, कॅमिलाचं बोलणंही सांगितलं.

"त्यांच्या भांडणाशी आपलं काय?" तो म्हणाला. "मोजायचं, रोवायचं, परत यायचं."

"बाबा पण रोवायलाच गेले होते!"

"ती आपल्या गावची पाटी होती गं."

"मग हा खांब कुणाच्या गावचा?"

त्याने भरलेली बॅग काही उपसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिसा फॉर्म माझ्याच टेबलावर आला. पासपोर्टवर जन्मस्थान बेळगाव, कर्नाटक. मी टाइप केलं: बेळगाव, महाराष्ट्र. आठवड्यात अर्ज परत. मुझम्मिलने ऑफिस डोक्यावर घेतलं. नागेशने परत आलेला फॉर्म वाचला.

"सवयीनं लिहिलंस?"

"सवयीनं."

"बाबा खूश होतील," तो म्हणाला, आणि बॅग माळ्यावर टाकली. त्याच्या जागी दुसरं कुणीतरी जाईल हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं.

सोमवारी भिवा पेढे घेऊन आला. आमच्याच गावचा, नागेशचा हेल्पर. "वैनी, मला पाठवतायत! सर्व्हेअर म्हणून!"

मी त्याला वही वाचून दाखवली, फुटलेलं भिंग दाखवलं, हात जोडले. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हण रे, म्हटलं.

"असू दे ओ वैनी. दहा वर्षं नुसता दांडा धरून उभा राहिलो. आता यंत्राला डोळा मी लावणार." मग हळूच म्हणाला, "फॉर्म तेवढा नीट भरा. कर्नाटकच लिहा. दादाच्या फॉर्मसारखी चूक नको."

मुझम्मिल माझ्या खुर्चीमागे पासपोर्ट उघडून उभा होता. "यल्ला, चलो, लेटर बाय लेटर," तो म्हणाला. मी एकेक अक्षर दाबलं. व्हिसा तीन दिवसांत आला.

यंत्राला नवं भिंग बसवलं होतं, पेटी तीच. भिवाने सुदेशचा स्टिकर नखाने खरवडून काढला, नवा चिकटवला आणि मार्कर माझ्या हातात दिला.

"तुमचं अक्षर चांगलं आहे, वैनी. नाव तुम्हीच घाला."

मी घातलं.