शेजारणीची सही

अस्मितानं बांधापलीकडच्या, प्रतापरावांच्या सोयाबीनचं पान खुडलं, बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. औषधाच्या फवारणीला दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

“जैविक म्हणे!” ती बांधावरूनच ओरडली. “प्रतापराव, नाक आहे मला.”

प्रतापराव सिमरोलच्या आपल्या फार्महाउसच्या ओट्यावर पोहे खात होते. शेजारी जैविक शेतीच्या सरकारी योजनेचा माणूस, मनीष, फॉर्म मांडून बसलेला.

“आरडाओरड कशाला, वहिनी? या, पोहे घ्या. सेव कमी वाटली तर सांगा.”

पोहे गेले चुलीत. जैविक शेतीच्या गटाचा नियम होता, शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं शेत पाहून लिहून द्यायचं, इथं औषध पडलेलं नाही. तिसऱ्या वर्षी लिहून दिलं की पक्कं प्रमाणपत्र. अस्मितानं तीन वर्षं शेण कालवलं, अळ्या हातानं वेचल्या, अर्धं पीक किड्यांना घातलं, ते या कागदासाठी. हा कागद दाखवला की सियागंज बाजारातला व्यापारी तिचा माल वेगळा उचलणार होता. प्रतापरावांनी तीन वर्षांत काय केलं? रस्त्यालगत हिरवी पाटी ठोकली. सरकारी अनुदान मात्र दरवर्षी त्यांच्याच घरात. अस्मिताचं विचारलं की मनीष म्हणायचा, “प्रोसेस में है, मॅडम.”

“करा ना सही, खतम करा यार,” आताही तो म्हणाला.

अस्मितानं ओट्यावर चढून पेन घेतलं आणि प्रतापरावांच्या फॉर्मवर ठसठशीत लिहिलं, ‘औषध मारलेलं आहे.’

प्रतापराव हसले. “लिहा की. वारा माझ्याकडून तुमच्याकडे वाहतो, वहिनी. माझ्या शेतात औषध, म्हणजे तुमच्यावरही उडालंच. तुमचंही प्रमाणपत्र गेलं. सोचून घ्या.”

पेन थांबलं. मग तिनं स्वतःचा फॉर्म ओढला आणि त्यावरही तेच लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला.

“मॅडम!” मनीष उठलाच. “तुमचे तीन साल...”

“माझे आहेत. मी बघीन.”

प्रतापरावांनी आपला फॉर्म निवांत टरकावला. “मनीषजी, कोरा काढा. आमची रुचीही गटात आहे, ती करेल सही. यांचा जाऊ द्या पुढे, लिहिलाय तसा.”

मनीषनं मान खाली घालून कोरा फॉर्म काढला. लबाड सुटला आणि खरं बोलणारी अडकली, तीही स्वतःच्याच अक्षरात.

त्यांची सून, रुची, आली, ओढणीला हात पुसत.

“कुठे करू, बाबा?”

काय आहे, हे तिनं विचारलंच नाही.

“तिथे, फुली आहे तिथे.”

“वाच आधी,” अस्मिता म्हणाली. “दरवेळी नुसती सही काय करतेस?”

“वाचायचं काय त्यात?” प्रतापरावांनी बशी आपटली.

रुचीनं टेकवलेलं पेन उचललं. फॉर्मसोबत गटाची छापील यादी होती. तिचं बोट नावांवरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर अडलं.

“बाबा, ही रुची मीच ना?” ती म्हणाली. “पाच बिघे... तीन वेळा अनुदान... हे मला कधी मिळालं?”

मनीष घाईघाईनं कागद गोळा करू लागला. अस्मितानं त्याचं मनगट धरलं.

“थांब. वाचतेय ती.”