कानात कडधान्य

गल्लीतल्या त्या घड्याळ दुरुस्तीवाल्याला सगळे कानसेन म्हणायचे. बंद पडलेलं घड्याळ समोर आलं की तो ते आधी हलवायचा, मग कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “दुसऱ्या चाकाचा दात झिजलाय.” उघडून बघावं तर खरंच झिजलेला असायचा. कधी अंदाज चुकलाच, तर गिऱ्हाईक गेल्यावर तो ते स्वतःशी मोठ्या मनानं कबूल करायचा.

घर दुकानाच्या मागेच. मधे फक्त एक पडदा. त्या पडद्याआडून बायको दिवसभर काही ना काही सांगायची आणि कानसेन “हं” म्हणायचा. त्या “हं”चा अर्थ हो, नाही, ठेव, नको किंवा पाहुणे गेले का, यांपैकी काहीही असू शकायचा.

“साऱ्या गावाच्या घड्याळांचं ऐकतात,” बायको शेजारणींना सांगायची, “एक माझं सोडून.”

बस डेपोमागच्या उतारावर दरवर्षी कुणी न लावता एक पिवळं रान फुलायचं. जेमतेम वीतभर उंचीची झाडं, वाटाण्याच्या फुलासारखी पण इवलीशी पिवळीधमक फुलं, आणि फूल गळालं की त्या जागी बारीक शेंगांचा झुबका, थेट पाखराच्या पंजासारखा. बायकोला ते फार आवडायचं. एके दिवशी तिनं त्यातलं एक झाड मुळासकट खणून आणलं, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि दुकानातल्या उंच कपाटावर, खिडकीच्या उन्हात ठेवून दिलं.

“दुकानाला जरा कळा येईल,” ती म्हणाली. “नाहीतर येणाऱ्याला वाटतं, इथं घड्याळं मरायला आणतात.”

“हं,” कानसेन म्हणाला.

त्याच आठवड्यात तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती बहिणीकडे निघाली. निघताना म्हणाली, “अहो, झाडाला रोज पाणी घाला. वाटीभरच. विसरू नका.”

“हं.”

“काय सांगितलं मी?”

“वाटीभर,” कानसेन म्हणाला. शेवटचे एक-दोन शब्द पकडून ठेवायची कला त्यानं संसारात कमावली होती.

पुढे कडक ऊन पडलं. पाण्यावाचून झाड सुकलं, शेंगा काळ्या पडल्या. कानसेनची मान मात्र कायम खाली, त्यामुळे कपाटावर काय चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि एका दुपारी त्याला आवाज आला.

टक्.

घड्याळं टिकटिकत होतीच, पण हा आवाज त्यांच्यातला नव्हता. कोरडा, चिडका, एकटा. त्याच कपाटाला टेकून ठेवलेलं पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ नुकतंच दुरुस्तीला आलं होतं. ते शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तरीणबाईंचं. कानसेननं त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

“तू का रे?”

टक्.

त्यानं ते उघडलं, पुसलं, तेल दिलं, बंद केलं. टक्. पुन्हा उघडलं. मग त्यानं ते जमिनीवर आडवं केलं, स्वतः शेजारी आडवा झाला, एक कान घड्याळाला लावला आणि दुसरा साहजिकच छताकडे राहिला. तेवढ्यात टक् झालं आणि छताकडच्या कानात काहीतरी सणकन शिरलं. कानसेन ताडकन उठला. त्या कानाला दडा बसला होता.

आता मात्र त्यानं निकराचा उपाय केला. दुकानातलं एकूण एक घड्याळ बंद केलं. शांततेत तो मांडी घालून बसला आणि वाट पाहू लागला. त्याच वेळी हेडमास्तरीणबाई आत आल्या. भिंतीवरची सगळी घड्याळं बंद पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“कुणी गेलं का हो?”

“शू!” कानसेननं बोट ओठांवर ठेवलं.

हेडमास्तरीणबाईंना उभ्या आयुष्यात कुणी “शू” केलं नव्हतं. ते काम त्यांचं होतं. त्या इतक्या गोंधळल्या, की स्टुलावर हाताची घडी घालून चांगल्या मुलीसारख्या बसल्या.

टक्.

“ऐकलंत?” कानसेननं विचारलं.

“काय?” बाईंना अलीकडे कमी ऐकू येत होतं.

कानसेनच्या पायाखालची जमीन सरकली. घड्याळं बंद, बाईंना ऐकू येत नाही, म्हणजे आवाज आपल्याच डोक्यात! ज्या कानावर उभा जन्म काढला, तोच बिघडला.

त्या दिवशी बायकोचा फोन आला. “झाडाला पाणी घालताय ना?”

“घालतोय.” कुठलं झाड, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

“कसं आहे?”

“मजेत आहे.”

दुसऱ्या दिवशी तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर गुळगुळीत टकलाचे, उत्साही गृहस्थ. त्यांनी कानात उजेड टाकून डोकावलं, “अरे वा!” म्हणाले आणि चिमट्यानं काहीतरी बाहेर काढलं.

“तुमच्या कानात कडधान्य आहे.”

“कडधान्य?”

“मसूर म्हणावी तर फार बारीक, मोहरी म्हणावी तर जरा लांबट. जेवताना कान वापरता का?”

कानसेनला राग आला, पण दडा सुटल्यामुळे तो राग त्याला अगदी स्पष्ट ऐकू आला, त्यामुळे बरंही वाटलं. त्यानं दुकानातल्या आवाजाची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांना चैन पडेना. दुपारी ते आपल्या चांगल्या चालणाऱ्या मनगटी घड्याळाच्या दुरुस्तीचा बहाणा करून दुकानात हजर झाले.

दोघं स्टुलांवर कान टवकारून बसले.

टक्!

“हाय!” डॉक्टरांनी टकलावर हात मारला. हात खाली आणला तर तळव्यावर तेच कडधान्य. दोघांनी एकदम वर पाहिलं. कपाटावरची एक काळी शेंग त्यांच्या डोळ्यांदेखत पिळवटली, फाटली आणि तिच्यातले दाणे छर्र्कन उडाले.

“हे झाड कुणाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

कानसेनला एकदम सगळं आठवलं. डबा, खिडकी, वाटी. “बायकोचं,” तो म्हणाला.

डॉक्टर स्टुलावर चढले. वाळलेली काडी हातात धरून, नाडी पाहावी तशी त्यांनी पाहिली. “गेलंय,” ते गंभीरपणे म्हणाले. “कधी येणार त्या?”

“आज. संध्याकाळच्या बसनं.”

“मग दुसरं आणू. त्यांना काय कळतंय!”

तासाभरात दोघं डेपोमागच्या उतारावर होते. हत्यार म्हणून कानसेननं स्क्रूड्रायव्हर आणला होता, डॉक्टरांनी चमचा. झाड दिसायला नाजूक, पण मूळ असं खोल, की डॉक्टर म्हणाले, अक्कलदाढ परवडली. दोघं गुडघे टेकून, तोंडं लाल करून ओढत होते. ओढता ओढता मूळ सुटलं आणि डॉक्टर झाडासकट मागे घरंगळत उताराच्या पायथ्याशी गेले. तिथं हातात पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. बस वेळेआधी आली होती.

“डॉक्टर, लागलं का?” तिनं विचारलं. मग वर पाहिलं. “अहो?”

कानसेन स्क्रूड्रायव्हर मागे लपवून म्हणाला, “तुला घ्यायला आलो होतो.”

“रांगत?”

खोटं आता कुठल्याच बाजूनं उभं राहीना. त्यानं सगळं सांगून टाकलं, कानातल्या दाण्यापर्यंत. बायको आधी रागानं ऐकत होती. “कानात कडधान्य” ऐकल्यावर मात्र तिथंच पिशवीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. डॉक्टरही हसले, पण गवतात चमचा शोधता शोधता.

उपटलेलं झाड तिनं त्यांना परत जागेवर लावायला लावलं. घरी येऊन डब्यातल्या वाळक्या काड्या कापल्या आणि माती ओली केली. “वरून गेलंय,” ती म्हणाली. “मूळ शाबूत आहे. दरवर्षी त्या उतारावर हे असंच परत येतं.” काही दिवसांतच मातीतून तीन-तीन पानांचे हिरवे फुटवे डोकावले. हेडमास्तरीणबाईंचं घड्याळ इतक्या वेळा पुसलं गेलं होतं, की ते नव्यासारखं चालू लागलं. त्यांनी कानसेनची कीर्ती आणखी चार गल्ल्यांत पसरवली.

कानसेन मात्र जरा हादरला होता. एका सकाळी पडद्याआडून बायकोची हाक आली, “अहो, ऐकलंत का?” आणि त्यानं हातातलं काम खाली ठेवलं, उठला, पडदा बाजूला केला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“बोल.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. हातातला डाव तसाच हवेत.

“इश्श,” ती म्हणाली, “असे समोर येऊन उभे राहिलात, तर काय सांगणार होते तेच विसरले बघा.”