वल्ही होती, हात नव्हते

मित्रांनो, किनाऱ्याच्या उतारावर ती पत्र्याची शेड दिसते ना, तिथे मी असते. मी एक जुनी होडी आहे. पण मासे धरणारी नव्हे, माणसे धरणारी. पोहणारा कोणी पाण्याच्या ओढीत सापडला, कोणाची नाव उलटली, की मला पाण्यात लोटतात. माझ्यावर जे ओढवले ते सांगताना अजूनही माझ्या फळ्या थरथरतात.

गावातल्याच एका सुताराने मला घडवले. त्याचा भाऊ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. काठावर माणसे पुष्कळ होती, लोटायला होडी नव्हती. त्या दुःखात त्याने माझी एकेक फळी तासली, फटी डांबराने बुजवल्या, मला सहा वल्ही दिली आणि शेडच्या दाराशी घंटा टांगली. घंटा वाजली की हातातले काम टाकून धावायचे, एवढाच नियम.

आणि काय धावायची माणसे! बेकरीवाली काकू पीठ लागलेल्या हातांनीच वल्हे धरायची. दोघे गवंडी भाऊ चुन्याने पांढरे झालेले यायचे. दवाखान्यातली नर्सताई चपला हातात घेऊन पळायची. एकदा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून आला, तर मागोमाग ते गिऱ्हाईकही आले आणि वल्हवायला बसले! सुकाणूवर टपालदादा. गावात पत्रे वाटणारा हा काडीसारखा माणूस, घरी बायकोपुढे ब्र काढायचा नाही; पण सुकाणू हातात आले की समुद्रालाही दरडावायचा. कोणाला जिवंत घेऊन परतलो की लोक मला घोड्यासारखे थोपटायचे. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

मग आमचा किनारा कोणाच्या तरी नजरेत भरला. आधी एक काचेचे घर उभे राहिले. गाव बघायला लोटले. बघता बघता दुसरे झाले, तिसरे झाले. जागांचे भाव असे चढले की घरमालकांचे डोळे फिरले. भाडी परवडेनात. न्हाव्याने दुकानाला कुलूप लावले. नर्सताईने डोंगरापलीकडे खोली घेतली. टपालदादाचा घरमालक तर इथेच, मला टेकून उभा राहून बोलला.

“दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वडिलांपासूनचा संबंध आहे. पण एवढा पैसा माझ्या दारात परत चालून यायचा नाही.”

“अहो, पण मी जाऊ कुठं?”

“डोंगरापलीकडं स्वस्त आहे म्हणे. आणि बस आहे की!”

दादाने मान हलवली. मालक गेल्यावर तो बराच वेळ माझ्या कडेवरून हात फिरवत राहिला.

गवंडी भावांची तऱ्हा आणखी निराळी. ती काचेची घरे त्यांनीच बांधली आणि त्याच घरांपायी त्यांची खोली गेली. “आपणच बांधलं आणि आपणच उठलो,” धाकटा हसून म्हणाला. थोरला हसला नाही.

आता माझी माणसे सकाळच्या बसने कामाला येत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. बेकरीच्या माळ्यावर झोपणारी काकू तेवढी गावात उरली. काचेच्या घरांचे मालक वर्षातून एखादा महिना यायचे. कोणीतरी माझ्या शेडला रंगीत दिव्यांची माळ लावली. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. मी खुळी, मिरवत होते.

एका संध्याकाळी शेवटची बस निघून डोंगराच्या वळणाला लागली होती. तेवढ्यात काकू ओरडत धावत आली. टपालदादाचे जुने घर पाडून तिथे जे काचेचे घर बांधले होते, तिथले नवरा-बायको पाण्यात होते. बाई हवेच्या गादीवर पहुडली होती. वारा फिरला आणि गादी आत खेचली गेली. नवरा तिच्यामागे पोहत निघाला होता.

काकूने घंटा बडवायला सुरुवात केली. कोणी येईना. “अरे धावा! कोणी आहे का?” ती घंटा वाजवतच राहिली. आणि मग काचेच्या घरांत एकामागून एक दिवे लागले. काकूच्या जिवात जीव आला. “आले, आले!” ती मला म्हणाली.

कोणी आले नाही. दारे उघडली नाहीत. अंधारू लागले की आपोआप लागणारे ते दिवे होते.

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. इतकी घरे, इतका उजेड, आणि माणूस एक नाही! काकूने खांदा लावून मला एकटीने लोटायला घेतले. तिचे पाय वाळूत रुतले. मी तसूभरही हलले नाही. इतके मेल्यासारखे मला कधी झाले नव्हते.

तेवढ्यात वळणावरची बस थांबलेली दिसली. टपालदादाने घंटा ऐकली होती. ड्रायव्हरने तो अरुंद घाट, ती वळणे, काही न बघता बस फिरवली आणि भोंगा वाजवत खाली आणली. माझी माणसे दारातून उड्या टाकत आली. त्यांच्याबरोबर ड्रायव्हरही. अशी वल्ही याआधी कधी चालली नव्हती.

बाई सापडली. एका हाताने गादी आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा सदरा तिने घट्ट धरून ठेवला होता. नर्सताई माझ्या तळाशी गुडघे टेकून काठापर्यंत त्याची छाती दाबत राहिली. त्याने डोळे उघडले नाहीत.

काठावर ती बाई रडली नाही. ती टपालदादाकडे बघून म्हणाली, “घंटा मला ऐकू येत होती. सारखी. मग तुम्ही इतका उशीर का केलात?”

दादा म्हणाला, “बाई, तुमचं घर आहे ना, तिथंच मी राहायचो. हाकेसरशी यायचो. आता डोंगरापलीकडं असतो.”

तिने वळून आपल्या उजळलेल्या घराकडे बघितले. “आम्हाला तर सांगितलं होतं, जागा रिकामी आहे म्हणून.”

काकूने आपला पदर तिच्या खांद्यांवर टाकला.

पुढे त्या बाईने घराचा खालचा मजला दादाच्या कुटुंबाला आणि नर्सताईला जुन्या भाड्याने दिला. गावाच्या सभेत उभी राहून तिने इतर मालकांनाही विनवले. काहींनी माना डोलावल्या, काही मधेच उठून गेले. गवंडी भाऊ अजून डोंगरापलीकडेच राहतात, आणि किनाऱ्यावर आणखी एका काचेच्या घराचा पाया खणला जातो आहे. तो त्यांनीच खणायला घेतला आहे. पोट कोणाला चुकले आहे?

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. माझ्याशेजारी फोटो काढा, मी रागावणार नाही. पण जे मला लोटतात आणि वल्हवतात, त्यांना पाठ टेकायला याच गावात एखादी खोली राहू द्या. होडी पाण्यावर तरंगते खरी. पण ती निघते शेजाऱ्यांच्या जोरावर. ते दूर गेले, की मी नुसते लाकूड उरते.