डावीकडे वळताना बोलणारी गाडी

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होते. मधल्या मोकळ्या जागेत ती जुनी बेडूकगाडी गोल फिरत होती. जमिनीवर सहा चाकांनी चालणारी आणि पाण्यात शिरली की तरंगणारी ही गाडी तळ्याच्या दोन काठांना जोडत असे. तिच्यात काठीबाबा उभा होता.

"बोल, अडकलेल्या जिवा! या माउलीचा मुलगा परत येणार का?" तो गरजला आणि गाडीच्या पोटातून एक लांब, घोगरा हुंदका बाहेर पडला.

"होय म्हणाला, होय म्हणाला!" गर्दी पुटपुटली. ती माउली तिथेच रडायला लागली.

हा अडकलेला जीव म्हणे माझ्या दादाचा. दादा ही गाडी चालवायचा. गेल्या हिवाळ्यात तळ्याच्या मध्यावर गाडीत पाणी भरलं. त्याने सगळ्या उतारूंना मासेमारांच्या होडीत चढवलं आणि स्वतः गाडीबरोबर तळाशी गेला. गाडी दोरखंडांनी ओढून काढली, तेव्हा तिचं एक चाक विव्हळलं. काठावर बघ्यांमध्ये उभ्या असलेल्या या काठीवाल्याला तिथल्या तिथे साक्षात्कार झाला. "तो आत आहे! बोलू बघतोय!" इंजिन सुकवून गाडी पुन्हा फेऱ्या मारू लागली आणि तिच्यावर चालक म्हणून बाबाचा भाचा बसला.

आवाज आला तर होय, नाही आला तर नाही. नोकरी, लग्न, हरवलेली म्हैस, दादाला आता सगळंच ठाऊक होतं. जिवंतपणी त्याला स्वतःच्या चपला सापडत नसत. गाडीच्या तळाशी साचणारं पाणी म्हणजे त्याचे अश्रू. ते बाटल्यांत भरून भक्तांना मिळे. मी दवाखान्यात औषधं देते. अश्रू प्यालेले भक्त दुसऱ्या दिवशी जुलाबाच्या गोळ्या मागायला माझ्याच खिडकीशी येत.

मी हसून सोडून दिलं असतं, पण माझी वहिनी त्या गाडीत बसत होती. प्रत्येक फेरीला, मागच्या उजव्या चाकावरच्या बाकावर, पत्र्याला कान लावून. घरी ती जेमतेम दोन घास खाई आणि पुन्हा धक्क्यावर जाई.

मी गाडीच्या मिस्त्रीला गाठलं.

"मागच्या उजव्या एक्सलचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "एक्सल गाडीच्या अंगाला पाडलेल्या भोकातून बाहेर येतो. त्या भोकात बेअरिंग आणि त्याचं रबरी सील, एवढंच पाण्याला अडवतं. आता झिरपतंय तेवढं पंप उपसतो, पण ते पुरतं फुटलं की गाडी बुडालीच समजा."

"मग बदलत का नाही?"

"बदलू कसं? बाबा म्हणतो, चाक उघडलं तर त्याचा गळा कापला जाईल. मी जॅक लावायला गेलो तर लोक अंगावर धावून आले. मलाही बायकापोरं आहेत, ताई."

म्हणजे वहिनी रोज मरणावर बसून प्रवास करत होती.

मग मी धक्क्यावर उभी राहिले आणि चाकाकडे न बघता बाबाच्या काठीकडे बघत राहिले. प्रश्न विचारला की काठी भाच्याच्या खांद्याला हलकेच लागायची. डाव्या खांद्याला लागली की गाडी डावीकडे वळायची आणि हुंदका यायचा. उजव्या खांद्याला लागली की गाडी उजवीकडे वळायची, आणि आत्मा गप्प. या गाडीला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. उजवा ओढला की उजव्या बाजूची चाकं थांबतात. डावा ओढला की डावी थांबतात आणि सगळा भार उजव्या चाकांवर येतो. थांबलेलं चाक बोलणार कसं?

घरी येऊन मी हे सगळं वहिनीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचा सख्खा भाऊ होता. त्यांचा आवाज तुम्हाला ओळखू येईना?"

ते काळजाला लागलं. "दादाने तुला ही गाडी शिकवली होती ना, वहिनी?" मी एवढंच म्हणाले. "एकदा तूच चालव. तूच विचार त्याला."

दुसऱ्या दिवशी ती सरळ दांड्यांपाशी जाऊन बसली. बाबा गडबडला. "माते, आत्मा फक्त माझ्या काठीचं ऐकतो!"

"अहो महाराज, बायकोचं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकणार?" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. लोक हसले आणि बाबाला खाली उतरावं लागलं.

"अहो," वहिनी म्हणाली, "माझ्यावर रागावलात का?" तिने उजवा दांडा ओढला. गाडी गप्प. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि डावा दांडा ओढला. हुंदका आला. लोकांत चुळबूळ सुरू झाली.

"अहो, तुम्ही जिवंत आहात का?"

डावा दांडा. गाडीने लांबलचक हुंदका दिला. होय.

वहिनीने इंजिन बंद केलं.

"आत्मा थट्टा करतोय! आज दिवस बरा नाही! आत्मा—" बाबा सुरू झाला.

"मिस्त्री, जॅक आणा," वहिनी म्हणाली.

चाक वर उचललं. मिस्त्रीने ते नुसत्या हाताने फिरवलं आणि तोच हुंदका, बारीक आवाजात, सगळ्यांनी ऐकला. चाक निघालं, बोल्ट निघाले, पुलर लावून बेअरिंग ओढलं तर ते तुकड्यांनीच बाहेर आलं. गोळ्या गंजलेल्या, कडं तडकलेलं, सील फाटलेलं. एक्सलवर नख अडकेल एवढी खाच पडली होती.

"एवढी झीज काही महिन्यांत होत नाही," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "ही आधीचीच. त्या दिवशी पाणी इथूनच आलं. त्यातच पंप तुंबला, आणि..."

संध्याकाळपर्यंत सहाही चाकांना नवी बेअरिंगं, नवी सीलं बसली. काठीबाबा आणि भाचा मधल्या मधे कधी सटकले, कुणाला कळलं नाही. वहिनीने गाडी सुरू केली आणि डावीकडे वळवली. इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. ती दांड्यांवर डोकं टेकून मोठ्याने रडली. मीही रडले. दादा नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघींना खरोखर कळलं.

"दुसऱ्यांदा मारलंत बिचाऱ्याला," गर्दीतली एक बाई म्हणाली.

वहिनीने मान वर केली. "ते एकदाच गेले. या चाकापायी गेले. आणि तुम्ही सगळ्यांनी हात जोडून मला रोज त्याच चाकावर बसवलंत."



माझं वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा, त्यात कमीपणा नाही. पण यंत्र बोलायला लागलं, तर आधी चाक वर उचला, हाताने फिरवून बघा, आणि उघडू नका म्हणणाऱ्याला का ते विचारा. नमस्काराने बेअरिंग दुरुस्त होत नाही. ते तसंच झिजत राहतं आणि एक दिवस पुढच्या माणसाला पाण्याखाली घेऊन जातं.