वाढत्या पायाचे बूट

गुरुनाथ आयुष्यात कधी स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीवर, उभा राहिला नव्हता, पण त्यावर वळायचं कसं हे त्याला तोंडपाठ होतं. अमेरिकेतल्या आयसेलिन गावातल्या घरी जेवणं आटोपली की तो टीव्हीवर व्हिडिओ लावायचा, टीपॉय भिंतीला सरकवायचा आणि तेरा वर्षांच्या मुलाला, आर्यला, गालिच्यावर उभं करायचा.

"टाचेवर वळताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाक. पायाची बोटं वर खेच. नजर खांद्यावरून, जायचंय तिकडे!"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्याला सांगणार कोण? नीलांबरीने एकदा सांगून पाहिलं, तर त्याने बायकोलाही गालिच्यावर उभं केलं.

आर्यचं पायाच्या बोटांवरचं वळण देखणं होतं. टाचांवर मात्र फळी त्याचं ऐकायची नाही. ती भलतीकडेच घसरत जायची आणि पोरगं बुडावर आपटायचं. शाळेच्या क्लबातले सगळे मित्र एव्हाना डोंगराच्या वरच्या उतारावर जायला लागले होते. हा एकटा खाली, चिल्ल्यापिल्ल्यांच्या घोळक्यात. टाचेवरचं वळण जमेपर्यंत वर जायचं नाही, असं बापाने बजावलं होतं.

"बाबा, माय फूट मूव्ह्ज. बुटाच्या आत," आर्य एकदा म्हणाला.

"दोन सॉक्स घाल."

"दोनच घातलेत."

"मग लेस घट्ट बांध, यार. पुढच्या वर्षी बरोबर बसतील."

बूट गुरुनाथनेच आणले होते, वाढत्या पायाचे. दुकानात त्याने बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला होता आणि आत पुरेशी जागा लागल्यावर त्याचं समाधान झालं होतं. नागपुरात त्याचं बालपण असंच गेलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बुटांत कापूस कोंबलेला. त्यानं काही बिघडलं नाही, उलट तो अमेरिकेला आला. वाढत्या मुलाला मापाचं घेणं म्हणजे त्याला शुद्ध उधळपट्टी वाटायची. बूट पायाला चिकटून हवेत, नाहीतर पाय आतल्या आत उचलला जातो आणि फळीला उशिरा कळतं, हे जवळजवळ प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सांगायचे. गुरुनाथ तेवढा भाग पुढे पळवायचा. त्याला वळण शिकवायची घाई असायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो आर्यला पेनसिल्वेनियातल्या त्या डोंगरावर घेऊन गेला. आदल्या दिवशी पाऊस पडून रात्रीत गोठला होता. बर्फाची पार काच झाली होती. खालच्या उतारावर आर्यने टाचेवरची दोन वळणं कशीबशी साधली आणि धापा टाकत बापाकडे आला.

"बाबा, नाऊ? जाऊ वर?"

त्या चेहऱ्याला नाही म्हणणं कठीण होतं. शिवाय गुरुनाथची छाती फुगली होती. आपली शिकवणी फळाला आली असं त्याला वाटलं. "जा," तो म्हणाला. "मी इथून व्हिडिओ घेतो. नंतर बघू, कुठे चुकतं ते."

आर्य वरून निघाला. बोटांवर एक वळण, सुरेख. मग टाचांवर. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, नजर खांद्यावरून पुढे. गालिच्यावर शिकवलेलं त्याने सगळं, अगदी सगळं केलं. तरी फळी वळली नाही. ती घसरत उताराच्या कडेला गेली, कड ओलांडून झाडांत शिरली, आणि गुरुनाथच्या फोनमध्ये नुसता पांढरा उतार उरला.

हॉस्पिटलात तो व्हिडिओ त्याने कितीतरी वेळा पाहिला. मुलाची चूक शोधत होता तो. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. चूक पोराच्या अंगात कुठेच नव्हती. मग उरले बूट. नीलांबरी त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर त्याला सोसलं असतं.

पाठीचा कणा मोडला होता. कंबरेखाली आर्यला काही जाणवत नव्हतं आणि जाणवणार नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात शेजारच्या नकुलने बोर्ड आणि बूट मागितले. नीलांबरी उठून आत गेली. आर्य म्हणाला, "देऊन टाक, बाबा." गुरुनाथने गराजमधून बूट आणले, पुसले, पिशवीत घातले.

"वेट," आर्य म्हणाला. "आधी मला घाल. एकदाच."

गुरुनाथ व्हीलचेअरपुढे गुडघे टेकून बसला. पाय जड होता आणि गार होता. तो बुटात सरकवायला जोर लावावा लागला, एकाच सॉक्सवर. वर्षभरात पोराने एक पाऊल टाकलं नव्हतं, पण पाय मात्र वाढले होते. त्याने लेस आवळली, टाच धरून ओढून पाहिली. आत काही हललं नाही. दुकानातल्यासारखा टोकावर अंगठा दाबला. जागा उरली नव्हती.

आर्य वरून वाकून बघत होता. त्याला स्वतःला ते कळायचा मार्ग नव्हता.

"बाबा, बरोबर बसला?"

गुरुनाथने मान वर केली नाही. पायाला दुखेल या भीतीने त्याने लेस थोडी सैल केली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दुखणार नाही.

"हो," तो म्हणाला. "बरोबर बसला."