पंपाच्या अलीकडे तीन किलोमीटर

बहिणीकडे दोन दिवस राहून ती सकाळी घरी आली, तर दार उघडताना काहीतरी धातूचं आडवं आलं. गोणपाटात गुंडाळलेलं, लांबुळकं. तिने एक टोक उघडून पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. तो त्यांच्या मोटरसायकलचा सायलेन्सर होता.

गाडीचा जुना सायलेन्सर दाराआड, म्हणजे गाडीला दुसरा बसलाय. तिने अंगणात डोकावलं. गाडी नव्हती.

"भाऊजी!" तिने शेजारच्या खोलीच्या दारावर थाप मारली. धाकटे दीर तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले. "हे काय केलंत?"

"सरप्राइज, वहिनी! तुम्ही नव्हता तेवढ्यात दादाला नवा बसवून दिला. एकदम मोकळा. तिसऱ्या गल्लीत कळतं दादा निघाला म्हणून."

"आणि ते कुठेत?"

"लेकीला घेऊन गेला ना, चिमणीला. नर्सिंगच्या मुलाखतीला. दहाची आहे तिची. साडेसहालाच निघाले." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आवाजाने एवढं काय घाबरायचं? सवय होईल."

ती घाबरली होती, पण आवाजाने नाही.

गल्लीतले सगळे तिला मशीनवाली म्हणत. शिलाई मशीनं दुरुस्त करता करता ती कधी पंखे, कधी पंप खोलायला लागली, आणि सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याने कुणाची तरी वापरलेली मोटरसायकल आणली तेव्हा तिचाही मुलाबाळांसारखा ताबा तिने घेतला. नवरा दवाखान्यात कंपाउंडर; त्याला गाडी म्हणजे किक मारायची आणि बसायचं. पेट्रोल भरणं, तेल बदलणं सगळं हिचं खातं. गाडी लिटरला अठ्ठेचाळीस देत होती, ते हिला सहन झालं नाही. एका दुपारी कार्ब्युरेटर खोलून तिने आतला जेट बदलला. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, मधोमध भोक. पेट्रोल किती जायचं ते त्या भोकावर. तिने दोन नंबर बारीक भोकाचा घातला आणि गाडी बासष्टवर गेली.

बासष्ट! आठवडाभर ती जमिनीवर नव्हती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, नुसती साफ केली." खरं सांगितलं असतं तर दीर हसले असते, म्हणून जुना जेट तिने गुपचूप बॉबिनच्या डबीत टाकला. तो तिथेच होता.

बारीक जेट जुन्या सायलेन्सरसोबत कसाबसा निभावत होता. मोकळ्या सायलेन्सरने मात्र इंजिन हवा ओढणार भसाभस, आणि पेट्रोल येणार थेंबथेंब. सपाट रस्त्यावर चालून जाईल. पण दोघं बसलेले, चढ लागलेला, मूठ पूर्ण पिळलेली, अशात ते इंजिन तापून तापून आतच धरणार. पिस्टन चिकटला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. आणि मुलाखतीच्या वाटेवरचा चढ ट्रकांचा होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा पुन्हा लावला. चिमणीचा लावला. कोण ऐकणार? कानाखाली ती तोफ लावून दिली होती भाऊजींनी.

मग तिला खिडकीतली पेट्रोलची बाटली दिसली आणि टाकी आठवली.

गाडी किती देते हे मोजायची तिची स्वतःची पद्धत होती. टाकी पूर्ण रिकामी करायची, मापून एक लिटर घालायचं, गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. परत यायला पेट्रोलची एक बाटली डिकीत; ती तर इथेच खिडकीत होती. बहिणीकडे निघण्याआधी तिने तशीच टाकी रिकामी करून एक लिटर घालून ठेवलं होतं. आल्यावर मोजू म्हणून. गाडीचा पेट्रोलचा काटा आधीच्या मालकापासूनच मेलेला. नवऱ्याला वाटलं असणार, बायकोने भरलंय. नेहमीसारखं.

एक लिटर. घरापासून चढाच्या पायथ्याचा पंप चोपन्न किलोमीटर. बासष्टच्या हिशेबाने गाडी पंपावर थांबणारच नव्हती. पंप ओलांडून चढावर आठ किलोमीटर जाणार होती.

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, गाडीने कमी द्यावं.

"वहिनी, काय झालं? सांगा तरी!"

"त्या पंपावरची बाई," ती डबे उपसत म्हणाली, "तिचं मशीन आणलं होतं मी दुरुस्तीला. चिठ्ठीवर नंबर होता." चिठ्ठी सापडली. तेल लागून एक आकडा पुसट झाला होता. एकदा तीन समजून लावला, भलत्याच माणसाने शिव्या दिल्या. मग आठ लावला.

"हां ताई, बोला. मशीन झालं का?"

"तुम्ही पंपावर आहात?"

"आत्ताच आले."

"रस्त्यावर उभ्या राहा. लाल गाडी येईल, खूप आवाज करत. मागे मुलगी. थांबवा त्यांना. हात जोडा, आडव्या पडा, काहीही करा, पण चढावर जाऊ देऊ नका."

"अगं बाई! भांडण झालं का?"

"भांडण नाही. इंजिन धरेल."

बाईने फोन कानालाच ठेवला. हिला रस्ता ऐकू येत होता. ट्रक, एक बस, कुणाचा तरी हॉर्न. मग फाटक्या आवाजात धडाडत काहीतरी आलं आणि गेलं.

"ताई, एक गेली बघा. मागे कोणीतरी होतं."

"रंग?"

पलीकडे नुसता हॉर्न वाजत राहिला.

"अहो, रंग कोणता?"

"काळा. काळाच होता. मी नीट पाहिला."

ती पायरीवर बसली. घड्याळात आठ वाजले. सव्वाआठ झाले. एव्हाना यायला हवे होते. आले नाहीत म्हणजे आधीच गेले. दीर समोर उभे होते, ब्रशचा फेस हनुवटीवर वाळलेला, आणि त्यांना तो पुसायचं सुचत नव्हतं.

"वहिनी, मीच बसवला तो..."

"नाही हो. अर्धं माझं आहे."

साडेआठला कानाच्या फोनमध्ये पंपवाली ओरडली. "ताई! ढकलत येतायत! घामाघूम झालेत दोघं, आणि तुमच्या नावाने काय काय चाललंय."

पंपाच्या अलीकडे तीन किलोमीटरवर पेट्रोल संपलं होतं.

चिमणीला पंपवालीने बसमध्ये बसवून दिलं. ती वेळेत पोचली. ही दुसऱ्या बसने निघाली. सायलेन्सर मांडीवर, बॉबिनची डबी मुठीत.

नवरा पंपाच्या कट्ट्यावर बसला होता. "या! बासष्ट म्हणे! एक्कावन्नावर आली तुमची गाडी. एकसारखी मूठ पिळावी लागत होती."

"फोन का नाही उचललात?"

त्याने खिशातून काढून पाहिला. "अकरा वेळा? मला वाटलं, सायलेन्सरचाच थरथराट आहे."

ती गाडीपाशी बसली आणि तिने प्लग काढला. त्याने वाकून पाहिलं. "पांढराशुभ्र आहे की. म्हणजे स्वच्छ जळतंय."

"असा पांढरा नसावा. बिस्किटासारखा तपकिरी हवा." तिने तो उन्हात धरला. टोकाला बारीक चमचमते कण होते.

"हे काय चमकतंय?"

"पिस्टन. वितळायला लागला होता. सपाटीलाच."

मग तिने डबी उघडून जुना जेट त्याच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. साफ केली म्हणाली ते खोटं होतं, हेही. त्याने त्या पितळेच्या तुकड्याकडे पाहिलं, मग चढाकडे. एक ट्रक कण्हत वर चालला होता.

"चिमणी मागून म्हणत होती, बाबा, अजून जोरात," तो म्हणाला.

मग त्याने विचारलं, "हा बसवला की नेता येईल घरी?"

"इंजिन उघडून बघितल्याशिवाय नाही. टेम्पो बोलावते मी."

त्याने जेट शर्टाच्या खिशात टाकला आणि वरचं बटण लावलं. "हे आता माझ्याकडे राहू दे."

एरवी तिने शंभर गोष्टी ऐकवल्या असत्या. आज तिने रिकामी डबी बंद केली. टेम्पो येईपर्यंत जी जी मोटरसायकल चढाला लागली, तिचा आवाज वर विरून जाईपर्यंत ती श्वास धरून ऐकत राहिली.